रहाटपाळणा

श्रोतेहो, गेल्या कार्तिकांत, त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशीं, मी माझ्या नातवाला घेऊन रामटेकच्या जत्रेस गेलों होतों. गडावर दर्शन घेऊन आम्ही खालीं उतरलों, आणि जत्रेच्या अगदीं कडेला, जेथें दुकानांची रांग संपते तेथें, मला एक जुनी ओळखीची आकृति दिसली. जमिनींत रोवलेल्या लांकडांच्या दोन कैंच्या, त्यांवर आडवा ठेवलेला आंस, आंसाला फुलीसारखे जोडलेले दांडे, आणि त्या दांड्यांच्या टोंकांशीं लोंबणारे चार पाळणे. मोटर नाहीं, इंजिन नाहीं, दिव्यांची रोषणाई नाहीं. साठीच्या घरांतला एक मनुष्य खालीं आलेला पाळणा दोन्ही हातांनीं धरून पुढें लोटीत होता. मी नातवाला म्हणालों, "हा पाहा रहाटपाळणा." त्यानें क्षणभर विचार केला आणि विचारलें, "आजोबा, पाळणा म्हणजे काय तें मला ठाऊक आहे. पण रहाट म्हणजे काय?"

मुलाचा यांत दोष नव्हता. धंतोलींत आमच्या घरामागें विहीर आहे. माझ्या लहानपणीं तिच्यावर लांकडी रहाट होता, आणि पहांटे त्याच्या कुरकुरण्यानें घर जागें होई. पुढें नळ आले, मग विजेचा पंप आला. रहाट केव्हां निघाला आणि त्याचें लांकूड कोठें गेलें, हें आज घरांत कोणासच आठवत नाहीं. विहिरीवर आतां लोखंडी जाळी आहे. मुलानें रहाट पाहावा तरी कोठें? परंतु त्याच्या त्या प्रश्नानें मला चुटपुट लागली. रहाटपाळणा या शब्दाचा पहिला अर्धा भाग विहिरीवरून नाहींसा झाला, आणि उरलेला अर्धा भाग जत्रेंतून नाहींसा होऊं लागला आहे. दोन्ही भाग पुरते नाहींसे होण्यापूर्वीं त्याची हकीकत एकदां नीट सांगावी, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

रहाट हा शब्द संस्कृतांतील अरघट्ट या शब्दापासून प्राकृताच्या वाटेनें आपल्याकडे आला. विहिरीच्या तोंडावर एक उभें चाक, त्यावरून पाण्यापर्यंत लोंबणारी दोरांची माळ, आणि त्या माळेंत बांधलेलीं मडकीं, अशी त्याची जुनी रचना. एका बाजूनें भरलेलीं मडकीं वर येतात, पन्हळींत रिकामीं होतात, आणि दुसऱ्या बाजूनें पुनः खालीं जातात. यालाच आपण रहाटगाडगें म्हणतों. विदर्भांतील शेतांवर मोटेचा प्रघात अधिक होता. तरीहि रहाटगाडगें हा शब्द येथेंहि सर्वांच्या ओठीं होता, कारण संसारांतल्या चढउतारांना याहून चांगली उपमा सांपडणें कठीण.

आतां एक मौज पाहा. पंचतंत्राच्या लब्धप्रणाश नांवाच्या चौथ्या तंत्रांत गंगदत्त या बेडकांच्या राजाची गोष्ट आहे. भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून तो विहिरीबाहेर पडतो, आणि पडतो तो अरघट्टाच्या एका घटावर चढून. पुढें सूड उगविण्याच्या भरांत तो सर्पाला विहिरींत घेऊन येतो आणि स्वतःच्याच कुळाचा नाश ओढवून घेतो. तो बोध निराळा. आपल्या विषयापुरतें महत्त्व एवढ्याला, कीं पाण्यासाठीं केलेल्या चाकावर बसून एक जीव खालून वर आला, ही कल्पना आपल्याकडील कथाकाराला शेंकडों वर्षांपूर्वीं सुचली होती. बेडकाच्या जागीं मूल बसवा, मडक्याच्या जागीं पाळणा टांगा, कीं रहाटपाळणा झाला!

जें यंत्र रोजच्या कामाचें, त्याचा सणाच्या दिवशीं खेळ व्हावा, ही गोष्ट नागपूरकरांना निराळी समजावून सांगावयास नको. पोळ्याच्या दिवशीं खऱ्या बैलांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशीं तान्ह्या पोळ्याला आपलीं मुलें लांकडाचे बैल सजवून मिरवितात. वर्षभर नांगर ओढणारा बैल त्या दिवशीं मुलांचा सवंगडी होतो. रहाटपाळण्याची जातकुळी हीच आहे. वर्षभर पाणी ओढणाऱ्या चाकाचा जत्रेच्या दिवशीं पाळणा झाला, आणि आपल्या लोकांनीं त्याला नांवहि कामाचेंच ठेवलें.

हा खेळ केवळ आपलाच, असें मात्र कोणीं समजूं नये. १६१५ सालीं पिएत्रो देल्ला वाल्ले नांवाचा एक रोमन प्रवासी कॉन्स्टँटिनोपल येथें होता. रमजानच्या उत्सवांत त्यानें तेथें एक मोठें फिरतें चाक पाहिलें, त्यांत तो स्वतः बसला, आणि वेगानें वर जाण्याचा व खालीं येण्याचा आपणास फार आनंद झाला असें त्यानें लिहून ठेविलें. हाच प्रवासी पुढें १६२३ सालीं सुरतेस उतरला आणि गोव्यापर्यंत हिंडला. त्याच्या पांच वर्षें मागून, १६२० सालीं, पीटर मंडी हा इंग्रज बाल्कन प्रांतांतल्या फिलिपोपोलिस शहरीं, म्हणजे आजच्या बल्गेरियांतील प्लोव्हदिव्ह येथें थांबला होता. त्यानेंहि असें चाक पाहिलें आणि त्याचें चित्र काढलें. चाक वर गेलें काय किंवा खालीं आलें काय, त्यांतलीं मुलें सरळच बसलेलीं असतात, याचें त्याला कौतुक वाटलें. त्यानें त्याला उपमा दिली ती लंडनच्या जकातीच्या धक्क्यावर माल उचलणाऱ्या यारीच्या चाकाची. म्हणजे आपल्याला विहीर आठवली, तर त्याला बंदर आठवलें. पण दोघांनाहि आठवलें तें कामाचेंच चाक. हा मंडीहि पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत सुरत, आग्रा आणि पाटणा असा हिंडला.

अशीं चाकें मग इंग्लंडांत, रुमानियांत आणि सैबेरियांत दिसलीं. हिंदुस्थानांत तर तीं गांवोगांवच्या जत्रांत रुजलीं. मारवाडांत अशाच चार पाळण्यांच्या लांकडी चाकाला डोलर म्हणतात. पहिलें चाक कोणीं केलें, हा प्रश्न येथें फिजूल आहे. ज्या देशांत विहीर आहे, सुतार आहे आणि सण आहे, तेथें हें चाक कोणा तरी सुताराच्या हातून घडणारच. त्या सुतारांपैकीं एकाचेंहि नांव इतिहासानें ठेविलेलें नाहीं.

नांव राहिलें तें एका अभियंत्याचें. १८९३ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें जागतिक प्रदर्शन भरलें. चार वर्षांपूर्वीं पॅरिसनें आयफेलचा मनोरा उभारून जगाला थक्क केलें होतें. त्याला तोड म्हणून कांहीं तरी करावें अशी अमेरिकनांना ईर्ष्या वाटली. जॉर्ज फेरिस या पुलें बांधणाऱ्या तरुण अभियंत्यानें पोलादाचें २६४ फूट उंचीचें चाक उभें केलें. त्याला ३६ डबे होते, आणि प्रत्येकांत ६० माणसें बसण्याची सोय होती. म्हणजे एका वेळीं २१६० माणसें. आंसच ४५ फूट लांब होता, आणि चाक फिरवावयास हजार हजार अश्वशक्तींचीं वाफेचीं यंत्रें लाविलीं होतीं. २१ जून १८९३ या दिवशीं तें लोकांसाठीं खुलें झालें. दर माणशीं अर्धा डॉलर पडे. याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत, ११ सप्टेंबर रोजीं, स्वामी विवेकानंदांचें पहिलें भाषण झालें. धंतोलींतल्या रामकृष्ण मठावरून जातां-येतां आपण शिकागो हें नांव त्या भाषणामुळें घेतों. त्याच शहरांत त्याच उन्हाळ्यांत आपल्या रहाटपाळण्याचा हा पोलादी भाऊ फिरत होता, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

फेरिसच्याहि आधीं, १८९२ सालीं, विल्यम सोमर्स या गृहस्थानें अमेरिकेच्या किनाऱ्यावर पन्नास पन्नास फुटांचीं लांकडी चाकें उभारलीं होतीं, आणि त्यानें फेरिसवर फिर्यादहि केली. ती फिर्याद टिकली नाहीं. फेरिसला तरी काय लाभलें? १८९६ सालीं, अवघ्या ३७ व्या वर्षीं, विषमज्वरानें तो मृत्यु पावला. त्याचें चाक दोनदां मोडून दुसरीकडे उभें करण्यांत आलें, आणि १९०६ सालीं सेंट लुइस येथें सुरुंग लावून तें पाडण्यांत आलें. परंतु त्याचें नांव मात्र चिकटून राहिलें. जगभर या चाकाला फेरिस व्हील म्हणूं लागले. विलियम सलिव्हन नांवाच्या एका पाहुण्यानें शिकागोचें चाक पाहून गांवोगांव नेतां येईल असें लहान चाक १९०० सालीं तयार केलें, आणि मोडून गाडींत घालावयाच्या लोखंडी चाकांचा धंदा सुरू झाला. आज आपल्या जत्रांतून मुलें ज्याला जायंट व्हील म्हणतात, त्याची वंशावळ ही.

यावरून कोणास वाटेल कीं, लहान लांकडी चाकाची वाढ होऊन मोठें पोलादी चाक झालें. तेव्हां लहानाचें काम संपलें. येथेंच मला थोडें थांबवावेंसें वाटतें, कारण हें म्हणणें खरें नाहीं. रहाटपाळण्यांत बसल्यावर पोटांत जो गोळा येतो, त्याचा हिशेब करून पाहा.

आपण फिरत्या चाकावर असतां माथ्यावर आपलें वजन किंचित् घटतें आणि तळाशीं तितकेंच वाढतें. किती, हें दोन गोष्टींवर अवलंबून असतें: चाक केवढें आणि फेरी किती वेळांत होते. मध्यापासून पाळण्यापर्यंत आठ फूट अंतर धरा आणि सहा सेकंदांत एक फेरी धरा. गडी जोरांत असला म्हणजे एवढी गति सहज येते. या हिशेबानें माथ्यावर आपल्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग नाहींसा होतो. ४० किलो वजनाचा मुलगा वर २९ किलोंचा होतो आणि तीन सेकंदांनीं खालीं येतांना ५१ किलोंचा! पोटांत गोळा येतो तो यामुळें. आतां शिकागोचें चाक घ्या. तेथें मध्यापासून डब्यापर्यंत सुमारें १२५ फूट अंतर होतें, पण न थांबतां होणाऱ्या एका फेरीस नऊ मिनिटें लागत. त्यांत ७० किलोंच्या मनुष्याचें वजन माथ्यावर ४० ग्रॅमहि कमी झालें नसेल. लंडनला २००० सालापासून लोकांना घेऊन फिरणारें १३५ मीटर उंचीचें चाक एका फेरीस अर्धा तास घेतें. तेथें तर हा आंकडा याहूनहि लहान. मोठ्या चाकांतून शहर दिसतें, नदी दिसते, क्षितिज दिसतें. तीं खरोखर फिरते मनोरेच आहेत. परंतु पोटांतला गोळा त्यांत नाहीं. तो चार पाळण्यांच्या चाकानेंच द्यावा. ज्या आनंदानें देल्ला वाल्ले हरखला, तो रामटेकला वीस रुपयांत मिळत होता आणि २६४ फुटांच्या पोलादांत मिळाला नसता.

आतां त्या चाकवाल्याकडे वळतों. आम्ही बसावयास गेलों तेव्हां त्यानें प्रथम आम्हां दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलें, आणि मला एकट्याला एका पाळण्यांत बसविलें. समोरच्या पाळण्यांत नातवाला बसवावयाचें तर त्याच्या जोडीला आणखी कोणी हवें होतें. मीं विचारलें, "भाऊ, त्याला एकट्याला बसूं द्या कीं. घाबरावयाचा नाहीं तो."

तो म्हणाला, "घाबरायची गोष्ट नाई भाऊ. इकडं तुमचं वजन अन् तिकडं एकलं पोरगं, असं नाई चालत. त्याले जोडीदार येऊ द्या."

थोड्या वेळानें एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. तिची मुलगी नातवाशेजारीं बसली, दुसऱ्या दोन पाळण्यांत आणखी मंडळी तोलून बसविलीं गेलीं, आणि मग त्यानें चाकाला हात लावला. खालीं उतरल्यावर मीं त्याला म्हटलें, "एवढें वजन दिवसभर फिरवितां, थकत नाहीं?" तो हंसला. "मी कुठं फिरवतो भाऊ? लोकं एकमेकाले फिरवते. मी निस्ता हात लावतो."

श्रोतेहो, यंत्रशास्त्राच्या पुस्तकांतला तोलाचा सिद्धान्त याहून थोडक्यांत मांडलेला मला आठवत नाहीं. समोरासमोरचे पाळणे समतोल असले, तर एकाचें खालीं येणारें वजन दुसऱ्याला वर नेतें; फिरविणाऱ्याला फक्त आंसाचें घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा एवढेंच सोसावें लागतें. तोल बिघडला, तर जें वजन जास्त तें प्रत्येक फेरींत त्याच्याच खांद्यांना सोळा फूट उचलावें लागतें. म्हणून माणूस पाहतांच त्याचें वजन ओळखणें हीच त्याची विद्या. आणि म्हणूनच त्या चाकावर कोणी कोणाला अनोळखी राहत नाहीं. माझें वर जाणें समोरच्याच्या खालीं येण्यावर अवलंबून असतें. विजेच्या मोटरीला ही पंचाईत नाहीं. ती भरलेला डबा आणि रिकामा डबा सारख्याच बेफिकिरीनें फिरविते, आणि चालविणारा दूर खटक्यापाशीं उभा असतो.

तथापि येथें एका गोष्टीविषयीं प्रामाणिक राहिलें पाहिजे. त्या मनुष्यानें मला आपले तळहात दाखविले. ते पाहिल्यावर, हातानें फिरवावयाचीं चाकें पुनः गांवोगांव फिरावीं असें म्हणावयास माझी जीभ धजत नाहीं. ब्रह्मदेशांत अगदीं अलीकडच्या काळापर्यंत तरुण पोरें उंच चाकाच्या आऱ्यांवर माकडासारखीं चढून आपल्या वजनानें तें फिरवीत. पाहणाऱ्याला तें मोठें नवल, पण त्यांत हातपाय मोडण्याचें भय रोजचें. आमच्या चाकवाल्याचा मुलगा नागपुरांत रिक्षा चालवितो, आणि बापानेंच त्याला या धंद्यांत येऊं दिलेलें नाहीं. जत्रेंतल्या जागेचें भाडें पोलादी चाकाला परवडतें, कारण त्यांत एका वेळीं चाळीस-पन्नास माणसें बसतात, येथें आठ. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, उन्हाळ्यांत तडकतें, आणि सागवानाचा भाव काय झाला आहे तें आपण जाणतांच. त्याचें हें चाक त्याच्या वडिलांनीं करून घेतलेलें. तें मोडलें म्हणजे दुसरें करावयाचें नाहीं, असें त्यानें मला स्वच्छ सांगितलें. त्याच्या बोलण्यांत खंत नव्हती. खंत वाटली ती मला, ज्यानें आयुष्यांत तें चाक एकदांहि लोटलेलें नाहीं. आणि अशा फुकटच्या खंतीचा कोणाला उपयोग नाहीं, हें मला कळतें.

मग करावयाचें काय? एक उदाहरण सांगतों. व्हिएन्ना शहरीं १८९७ सालीं वॉल्टर बॅसेट या इंग्रजानें एक मोठें चाक उभारलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, तें जळालें. युद्धानंतर त्या शहराला राहावयास घरें नव्हतीं, पोटाला पुरेसें अन्न नव्हतें. तरीहि १९४७ सालीं त्यानें तें चाक पुनः फिरतें केलें. मात्र पूर्वींचे ३० डबे न लावतां १५ च लाविले, म्हणजे सांगाड्यावर भार कमी पडावा. आज सव्वाशें वर्षांहून जुनें असें तें चाक त्या शहराची खूण होऊन बसलें आहे. त्यांनीं सगळीं जुनीं चाकें राखलीं नाहींत. एक राखलें, आणि तें फिरतें राखलें.

आपल्या नागपुरास १८६३ सालीं स्थापन झालेलें मध्यवर्ती वस्तुसंग्रहालय आहे. आपण त्याला प्रेमानें अजब बंगला म्हणतों. तेथें शिलालेख आहेत, मूर्ति आहेत, शस्त्रें आहेत. राजांनीं काय वापरलें तें आपण जपून ठेवितों. आपल्या आजोबांनीं हट्ट धरून ज्यांत बसून घेतलें, तें मात्र सरपणांत जातें. चार पाळण्यांचें एक चाक, त्याच्या शेजारीं एक रहाट, आणि दोहोंच्या मापांचा एक कागद, एवढ्यास कितीशी जागा लागेल? वर्षांतून एकदां, तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं, मुलांना त्यांत बसवावें. फिरवावयास त्या दिवसापुरते आपण पांढरपेशे पुढें यावें, म्हणजे तळहातांची गोष्टहि कळेल.

मीं त्या दिवशीं जें बनलें तें केलें. जवळ टेप नव्हता. चाकवाल्याच्याच दोरीनें मापें घेतलीं. आंस किती हात, दांड्याची जाडी किती बोटें, पाळण्याची कडी कोठें बसविली आहे, हें सगळें त्यानें हौसेनें सांगितलें. कडी पाळण्याच्या ओझ्याच्या बरीच वर असली पाहिजे, नाहींतर पाळणा उलटेल, हें त्यानें दोनदां बजावलें. पीटर मंडीला ज्या गोष्टीचें कौतुक वाटलें, तिचें मर्म हेंच. नातवानें आपल्या वहींत चित्र काढलें. घरीं आल्यावर तो मागच्या विहिरीपाशीं गेला, जाळींतून आंत डोकावला, आणि म्हणाला, "आजोबा, इथें रहाट असता तर बेडूक वर आला असता."

पुढच्या जत्रेंत आपणांपैकीं कोणास असें लांकडी चाक दिसलें, तर कृपा करून मुलांसह त्यांत एकदां बसा. उतरल्यावर फिरविणाऱ्याला त्याच्या चाकाचें माप विचारा आणि लिहून ठेवा. तो आनंदानें सांगेल. त्याला आजवर बहुधा कोणीं विचारलेलें नाहीं.